मंजूर उंची

रघुनाथ मास्तर गेल्याची बातमी मला कल्याणच्या बंदरावर कळली. आषाढातली सकाळ होती. कोलशेतचा हिरू नाखवा भरती धरून होडीने खाडी चढून आला होता. आगगाडीत तो बसत नाही. वाटेत हवं तिथे थांबवता येत नाही अशा वाहनावर त्याचा विश्वास नाही. मी पोचलो तेव्हा तो होडीच्या काठावर बसला होता, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. म्हणाला, "बापू, मास्तर गेला. काल नवमी. भांगाचा पानी व्हता. ओवटी लागली नि मास्तर गेला…" भांग म्हणजे अष्टमी-नवमीची मंद भरती, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ठाण्याच्या घरी मास्तरांच्या ओटीवर हिरू दोन दिवस बसून होता. किती वाजता गेले, शेवटी काय बोलले, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं खाडीचं पाणी तिथीवार मोजलं, त्याच्या मरणाची नोंद आणखी कशी करायची?

या पत्राच्या संपादकांनी माझ्याकडे मास्तरांवर 'चार शांत शब्द' मागितले. शांत शब्द माझ्यापाशी नाहीत. होते नव्हते ते सगळे ठाण्याच्या शोकसभेत खर्ची पडले. चौदाव्या दिवशी शाळेत सभा भरली. अध्यक्ष रावसाहेब. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण संपादकांना कोर्टाची धास्ती आहे. पण ठाण्यात नुसतं रावसाहेब म्हटलं की कोणाची पगडी डोळ्यांपुढे येते, हे वाचकांना सांगायला नको. रावसाहेब उपरण्याने डोळे टिपत होते. हेडमास्तरांचा गळा तीन वेळा दाटून आला, मी मोजलं. मग ठराव आला… खाडीवर जो बांध पुन्हा उभा राहतो आहे, त्याला कैलासवासी रघुनाथ मास्तरांचं नाव द्यावं. टाळ्या झाल्या. मी मागच्या बाकावर होतो. शेजारच्या ओव्हरसियरला विचारलं, या खेपेला बांधाची उंची किती धरली आहे? तो म्हणाला, "पूर्वी मंजूर झाली होती तीच. नवी मंजुरी कोण आणणार?"

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत माणसांबद्दल असा काही नियम माझ्या वाचनात नाही. म्हणून हा लेख.

रघू आणि मी दोघे कल्याणचे. एकाच पंतोजींच्या छड्या खाल्ल्या, एकाच तलावात पोहायला शिकलो. पुढे तो मुंबईला कॉलेजात गेला, वडील अंथरुणाला खिळले म्हणून पदवी न घेता परत आला आणि ठाण्याच्या इंग्रजी शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागला. मी कचेरीत नक्कलनवीस झालो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं सुंदर अक्षरात उतरवणारा कारकून. माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, रघूचं म्हणजे कोंबडीचे पाय. पण मी आयुष्यभर जे उतरवलं त्यातलं एक वाक्य माझं नव्हतं, आणि त्याने लिहिलेली एक ओळ उसनी नव्हती. हा फरक मला फार उशिरा कळला.

खाडीचं वेड त्याला हिरूने लावलं. रघू एकदा वर्गातली मुलं घेऊन कोलशेतच्या धक्क्यावर गेला होता. भरती रोज उशिरा का येते, कोणत्या दिवशी सर्वांत मोठी, हे तो पुस्तकातून समजावत होता. बाजूला जाळं विणत बसलेला हिरू खुदकन हसला. "मास्तर, ह्यो कुठल्या गावचा पानी?" पुस्तक विलायतेचं, पाणीही विलायतेचं. दुसरा एखादा मास्तर असता तर कोळ्याने मुलांदेखत हसल्याचा त्याला राग आला असता. रघू त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. हिरूने सांगितलं, मोठं पाणी पुनवेला येत नाही, पुनवेनंतर दोन दिवसांनी, बीजेला येतं. पावसाळ्यात ते दिवसा चढतं आणि थंडीत रात्री. "आयकून काय करशील? येऊन बघ." रघू गेला. पुनवेला गेला, बीजेला गेला, मग जातच राहिला.

धक्क्यावर होड्या बांधायला एक दगडी खांब आहे. रघूने पाथरवटाकडून त्यावर हात, वीत आणि बोटं यांच्या खुणा कोरून घेतल्या आणि वही घातली. वहीत चार घरं. तिथी, पाण्याचा चढ, वारा, आणि चौथ्या घरात एक शब्द… 'पाहिले'. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच तो हा शब्द लिही. ताप आला, पाहुणे आले, मुलीचं लग्न निघालं, तर ते घर कोरं. अंदाजाने भरलेलं एक बोटभर पाणी त्या वहीत सापडायचं नाही. वडील वारले तेव्हा दहा दिवस सुतकामुळे त्याला घराबाहेर पडता आलं नाही. त्या दहा दिवसांपुढे लिहिलं आहे, 'हिरूने पाहिले'. हिरूला अक्षरओळख नाही. त्याने काठीवर खाचा केल्या होत्या, दिवसाला एक खाच, आदल्या दिवसाच्या शेजारी, पाणी चढलं त्या उंचीवर. रघू सुतकातून सुटल्यावर ती काठी खांबाला लावून त्याने नोंदी उतरवून घेतल्या. शाळेतले इतर शिक्षक हसले. ब्राह्मणाच्या वहीत कोळ्याची साक्ष! रघू म्हणाला, "माझ्यापेक्षा त्याची नजर चांगली आहे. तुमची चांगली असती तर तुमची घेतली असती."

त्याचा वर्गही असाच चालायचा. एखाद्या मुलाने काही सांगितलं की हा विचारी, "कोणी पाहिलं?" पुस्तकात आहे, असं उत्तर आलं की हसून म्हणे, "मग पुस्तकाला उभं करू बाकावर." मुलं जीव टाकायची त्याच्यावर. हेडमास्तरांना ते खुपायचं, पण निकाल चांगले लागत म्हणून गप्प असायचे.

मग खाडीच्या बांधाची योजना आली. कोलशेतच्या अंगाने लांबलचक बांध घालून खारट जमीन लागवडीला आणायची, अशी कल्पना. कल्पना वाईट नव्हती. आगरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या लहान बांध घालत आलीच आहेत. जमिनीचा पट्टा रावसाहेबांच्या नावाने व्हायचा होता. बांधकामाकडचा साहेब माघ महिन्यात आला, आठ दिवस तंबू ठोकून राहिला, रोज न्याहारीनंतर आणि सूर्य मावळायच्या आत खाडीचं पाणी मोजलं आणि त्यावरून बांधाची उंची ठरवली. थंडीतलं मोठं पाणी रात्री येतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. पाणी येई तेव्हा साहेब झोपलेला असे. रघूने हिशेब घातला… श्रावण-भाद्रपदातल्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या भरतीपेक्षा तो बांध एक हात चार बोटं ठेंगणा होता. बांधाच्या भरवशावर आतल्या अंगाला वस्ती होणार, घरं उठणार, आणि एखाद्या बीजेला खाडी त्यांच्या उंबऱ्यातून आत शिरणार. त्याने साहेबाला पत्र लिहिलं. नम्र, दोन पानी, आकड्यांनी भरलेलं.

उत्तर साहेबाकडून आलं नाही, रावसाहेबांकडून आलं. बोलावणं. मी रघूबरोबर गेलो होतो, दारात उभा होतो. चांदीच्या तबकात विडे होते. रावसाहेब गोड बोलले. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा ठाण्यात नाही. "मास्तर, मोठे साहेब स्वतः पायाभरणीला यायचे आहेत. वरपर्यंत सगळं ठरलंय. आता तुम्ही हातभर पाण्यासाठी अडून बसता?"

रघू म्हणाला, "मी कुठे अडलोय? पाणी अडणार नाही, एवढंच सांगतोय."

"तुमचं वय काय, साहेबाचा अधिकार काय! शाळेला वरून मदत येते, ठाऊक आहे ना? एका मास्तराच्या हट्टापायी चारशे पोरांचं नुकसान करायचं?"

रघूने विडा उचलला, कपाळाला लावला आणि तबकात परत ठेवला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, निदान तोंडात तरी टाकायचास." तो म्हणाला, "बापू, तो तोंडात टाकला की मग तोंड उघडता येत नाही."

पुढची चाल सभ्य होती. साहेबाने कळवलं, की मास्तरांनी आपल्या नोंदी इंग्रजी तारखांनिशी सादर कराव्यात, देशी तिथ्यांवर कचेरी विचार करू शकत नाही. मुदत अकरा दिवस. पाणी चंद्राप्रमाणे चढतं, तिथी चंद्राप्रमाणे मोजतात, म्हणजे पाण्याची वही तिथीनेच ठेवणं शहाणपणाचं; पण हे ऐकायला कोण बसलं होतं? सोळा वर्षांच्या तिथ्यांच्या तारखा करायच्या होत्या. ते काम मी अंगावर घेतलं. कचेरीत काम करणाऱ्याने असल्या कामात हात घालणं म्हणजे चाकरीवर निखारा ठेवणं, म्हणून लपूनछपून केलं. जुनी पंचांगं गोळा केली, तारखांचे कागद रघूकडे पोचवत गेलो, आणि तो आपल्या हाताने इंग्रजी प्रत करत गेला.

आता मी जे लिहितो आहे ते लिहायला मला सात वर्षं लागली.

त्या सोळा वर्षांतल्या एका वर्षी श्रावण अधिक आला होता. दोन श्रावण, एक अधिक आणि एक निज. मी घाईत दोन्ही महिन्यांना त्याच तारखा लावल्या. वहीत रघूने 'अधिक' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते कोंबडीचे पाय मी नीट वाचले नाहीत. आणि गंमत बघा… त्या अधिक महिन्यात मी सासुरवाडीला पाटावर बसून जावई म्हणून तेहतीस अनारशांचं वाण घेतलं होतं, अर्धे तिथेच खाल्लेही होते. तोंडाला तूप लागलं होतं तो महिना मी कागदावर विसरलो! आणि रघूने, ज्याने जन्मात न पाहिलेली नोंद लिहिली नाही त्या रघूने, माझ्या तारखा मात्र तपासल्या नाहीत. मित्राने केलंय म्हणून.

शाळेच्या त्याच दालनात चौकशी झाली, जिथे परवा शोकसभा झाली. साहेब, त्याच्या उजवीकडे रावसाहेब, डावीकडे हेडमास्तर, शाळेचे चार शिक्षक, आणि साहेबाचे कागद सांभाळायला कचेरीतून पाठवलेला मी. साहेबाने बोट ठेवून विचारलं, एका दिवशी दुपारी एकाच वेळेला खाडीला दोन उंच्या असतात काय? तसल्या तीस तारखा होत्या. रघूने कागद हातात घेतला. एकदा बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याला लगेच कळलं होतं. 'अधिक महिना' एवढं म्हणाला असता तर पुढचा प्रश्न आला असता, या तारखा कोणी घातल्या? मास्तर स्वतः असली चूक करणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "चूक माझी आहे. एका वर्षातल्या महिन्याची आहे. दुरुस्त करून देतो." साहेब म्हणाला, दुरुस्तीची मुदत संपली.

मी तिथे उभा होतो. चार मुलं, म्हातारी आई, चाकरी… ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मी नुसता भ्यालो होतो. सूड घ्यायचा तर यादीत पहिलं नाव माझं लिहिलं पाहिजे, आणि मी ते लिहितो आहे.

पण दुसरं नावही लिहिणार. त्या दालनात साहेब सोडला तर एकूण एक माणूस पंचांग पाळणारा होता. त्या वर्षी दोन श्रावण झाले हे त्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं? हेडमास्तरांनी त्याच अधिक महिन्यामुळे मुलाची मुंज पुढे ढकलली होती. आणि रावसाहेबांनी तर अधिक श्रावणात महिनाभर देवळात दीपदान केलं होतं, समाप्तीला सबंध ठाण्याला जेवू घातलं होतं. साहेबाच्या समोरचा तो कागद बघताच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काय हललं ते मी पाहिलं. पाहिले, असं लिहितो, रघूच्या वहीतल्या शब्दाच्या पूर्ण जबाबदारीने. साहेब अजाण होता, त्याला मी एकवेळ माफ करीन. पण दिव्याच्या उजेडात तो महिना मोजून काढलेला माणूस, तोच महिना नव्हता असं समजून गप्प बसला! असं गप्प बसणं साहेबांना जमत नाही, त्यासाठी आपलीच माणसं लागतात.

रघूपुढे लिहून आणलेला कागद ठेवला. 'माझ्या नोंदी छंदापोटी केलेल्या, सदोष आणि अविश्वसनीय असून मंजूर उंची पुरेशी आहे', असा मजकूर. खाली सही करायची. रघूने वाचला आणि म्हणाला, "एक महिना चुकला आहे, सोळा वर्षं नाही. आणि हा बांध मी अजून पाहिलेला नाही, तर पुरेसा आहे असं कसं लिहू?" सही केली नाही. शाळेतला त्याचा पदार्थविज्ञानाचा वर्ग त्याच महिन्यात बंद झाला, उपकरणांच्या कपाटाला कुलूप लागलं आणि रघूची बदली खडवलीच्या गावठी शाळेत झाली. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. खडवलीला नदी आहे, पण खाडीचं पाणी तिथवर पोचत नाही. भरती नाही, ओहोटी नाही… मोजायला काही नाही.

मूळ वहीही जमा करा, असा हुकूम घेऊन हेडमास्तर शिपायाला बरोबर घेऊन घरी आले. रघू घरी नव्हता. त्याच्या बायकोने, उमावहिनींनी, ओटीवरूनच सांगितलं, "वही देवघरात आहे, सोवळ्यात. रेशमी मुकट्यात गुंडाळून ठेवलीय. पारोशाने शिवायची नाही. तुम्ही न्हाऊन, सोवळं नेसून या, भाऊजी, मग खुशाल घ्या." हेडमास्तर कर्मठपणाची ऐट मिरवणारे, शिपायासमोर बाईचं सोवळं मोडणार कसे? तीन वेळा आले, तीन वेळा वहिनींनी आंघोळीला पाठवलं. चौथ्यांदा आले नाहीत. दिव्याच्या काजळीचा आणि तुपाचा वास त्या वहीला अजून येतो.

खडवलीहून रघू महिन्यातून एकदा सुटी काढून कोलशेतला यायचा. मधले दिवस हिरू खाचा करायचा. त्या काळातली पानंच्या पानं 'हिरूने पाहिले' या दोन शब्दांनी भरली आहेत. एका काठीवर जागा संपली की हिरू दुसरी करी. मी रघूला तोंड दाखवायला सहा महिने धजलो नाही. शेवटी गेलो, शाळेच्या पडवीत पोरांना बाराखडी घोकवत बसला होता. मी पाय धरायला वाकलो तर ओरडला, "अरे, ऊठ! पोरं हसताहेत. बस इथे, अंक तपास." म्हणजे माफी मागायलाही सवड दिली नाही. जेवताना मी म्हटलं, आता मी सगळं जाहीर करतो. तो म्हणाला, "बापू, आधी अधिक श्रावण दुरुस्त कर. मग बोलू." त्याचं सगळं असंच. रडणं नंतर, दुरुस्ती आधी.

बांध झाला. पायाभरणीला मोठे साहेब आले, रावसाहेबांना शाल मिळाली. आतल्या अंगाला शेतं झाली, घरं झाली. दोन पावसाळे निभले. तिसऱ्या वर्षी श्रावण वद्य द्वितीयेला भर दुपारी पाणी बांधावरून आलं. बांध फुटून नाही, फुटायला वेळ लागला. आधी काठावरून दूध उतू जातं तसं आत उतरलं, आणि मग मातीच वाहून गेली. हिरूचा थोरला भाऊ जानू बांधाच्या आत नव्या घरात राहायला गेला होता. पायाने अधू. लोक म्हणाले, उठून का गेला नाही? तो कुठे जाणार होता? त्याला सांगितलं होतं, साहेबाने बांध मोजलाय. तीन वर्षं त्या जमिनीत भात रुजलं नाही. बांध फुटल्याच्या चौकशीचा अहवाल नक्कल करायला माझ्याकडेच आला. त्यात लिहिलं होतं, असं पाणी या खाडीत पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. हे वाक्य मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं. रघूच्या वहीत त्याहून उंच चढलेल्या अकरा भरत्या आहेत, आणि अकराही ठिकाणी पुढे लिहिलं आहे… पाहिले.

दुसऱ्या दिवशी रघू खडवलीहून आला. मला वाटलं, आता तरी तो सरळ रावसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहील. तो जानूच्या भावकीत जाऊन बसला. मग धक्क्यावर गेला, खांबावरचा ओला डाग मोजला, वहीत लिहिलं. हिरू त्याला म्हणाला, "मास्तर, तू सांगला व्हतास. तुजा कोनी आयकला नाय." रघूच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं आणि हात लिहितच होता. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, कबूल करतो. इतका चांगुलपणा शत्रूच्या पथ्यावर पडतो. माझ्या अंगात तो नाही, आणि नाही याचं मला आता बरं वाटतं.

तारखांची दुरुस्ती मी केली, पण सावकाश केली. पेन्शन हातात पडेपर्यंत सावकाश केली, असं स्पष्टच लिहितो. पेन्शन घेऊन कल्याणला आलो आणि मार्गशीर्षात पूर्ण प्रत रघूच्या हातात दिली. तो खडवलीहून ठाण्याच्या घरी परतून अंथरुणावर होता, छाती भरलेली. त्याने प्रत्येक तारीख पंचांगाशी ताडून पाहिली. या वेळी मित्राने केलंय म्हणून सोडलं नाही. अठ्ठावीस दिवस लागले. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "आता बरोबर आहे." छापू का, विचारलं. म्हणाला, "छाप. पण माझ्यासाठी नको. पुन्हा बांध घालतील तेव्हा." त्याला ठाऊक होतं, माणसं पुन्हा बांध घालतातच. एवढंच ठाऊक नव्हतं, की त्यावर त्याचं नाव घालतील.

शोकसभेहून मी घरी गेलो नाही, कोलशेतला गेलो. हिरूला ठराव सांगितला. तो म्हणाला, "जानूला बुरवला त्यो बांद, नि नाव मास्तरचा?" दुसऱ्या दिवशी ओहोटीत आम्ही पाथरवटाला बोलावलं. कचेरीतल्या नकाशावरची उंची मला तोंडपाठ आहे, नक्कल मीच केली होती. रघूच्या खुणांशेजारी खांबावर बोटभर रुंदीची आडवी रेघ कोरून घेतली आणि वर अक्षरं, 'बांधाची मंजूर उंची'. खाली रावसाहेबांचं नाव, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. संपादकांना कोर्टाची भीती आहे, खांबाला नाही. रावसाहेबांची माणसं येऊन बघून गेली. रेघ खरवडायची तर ओहोटीतच खरवडावी लागेल, आणि ओहोटीत हिरू आणि त्याचे भाऊबंद तिथेच जाळी सुकवत बसलेले असतात.

श्रावणातल्या बीजेला मी धक्क्यावर होतो. पाणी खाली मचव्यांच्या तळाशी होतं ते चढत चढत नावाला लागलं, नाव गेलं, रेघेला लागलं, रेघ गेली, अक्षरं गेली. आणि रेघेच्या वर एक हात दोन बोटं चढून थांबलं. रघूचा अंदाज दोन बोटांनी चुकला होता, तेही मी त्याच्या वहीत लिहून ठेवलं आहे. त्याला ते आवडलं असतं.

वही आता माझ्याकडे आहे. वहिनींनी सोवळ्यातून काढून दिली, म्हणाल्या, "आता बाहेर ठेवायला हरकत नाही, भाऊजी." दुरुस्त प्रत छापखान्यात गेली आहे. पहिली प्रत साहेबाकडे जाईल, दुसरी शाळेच्या कुलूपबंद कपाटावर ठेवायला हेडमास्तरांकडे. त्यांना नुसतं एवढंच करायचं आहे, की उभं राहून सांगायचं, त्या वर्षी श्रावण दोन होते.

आणि रावसाहेबांना हे जाहीर निमंत्रण. येत्या भाद्रपद वद्य द्वितीयेला दुपारी दोनच्या सुमारास कोलशेतच्या धक्क्यावर यावं. दिवस पितृपक्षातला आहे, पितरांना पाणी देण्याचा; जानूही तिथलाच आणि रघूही. वाचकांनीही यावं, मुलांना आणावं. रावसाहेबांचं वय आणि मान लक्षात घेऊन त्यांच्यासाठी खुर्ची मांडली आहे. खांबाला टेकून लाकडी मचाण बांधलं आहे, हिरूने स्वतः. खुर्चीची बैठक बरोबर मंजूर उंचीवर येते. त्यांनी निर्धास्त बसावं. मी शेजारी वही घेऊन उभा असेन. तिथी लिहून ठेवली आहे, चढाचं घर कोरं आहे, आणि चौथ्या घरातला शब्द त्यांच्या हाताने लिहून घ्यायचा आहे.